समाधान देता येते का?

आषाढी वारीत माऊलींचा सोहळा नातेपुत्याहून माळशिरसला मुक्कामी येतो. पायाला फोड आलेल्या वारकऱ्याला इथली माणसे कढत पाणी देतात, पाय चेपतात. उपदेश करत नाहीत. दुसऱ्याच्या जिवाला शांती द्यावी ही इच्छा चांगलीच, पण तिच्यात ‘मी देतो’ हा अहंकार दडून बसतो. कर्ता मुलगा गेलेल्या आईला ब्रह्मज्ञान सांगू नये, तिच्याशेजारी बसावे. लोकांच्या बोलांनी दुखावून ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या मुक्ताईने ती ढकलली नाही. बाहेर उभी राहून विनवणी केली. ताटी आतूनच उघडते. आपण दाराशी थांबावे, एवढीच आपली सेवा. समाधान देणारा पांडुरंग आहे. रामकृष्णहरी!