सजावट नको, सुट्टी द्या

डिसेंबर जवळ आला की एक मागणी ठरलेली असते : शाळेत मुलांना सांताचा वेश देऊ नका, कार्यालयात झाड उभारू नका, हा सण आपला नव्हे. अलीकडे तिचा आवाज चढला आहे आणि शिकली-सवरलेली माणसेही माना डोलावू लागली आहेत. ही मागणी अज्ञानावर उभी आहे, म्हणून तिचा समाचार घेणे भाग आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. येशूजन्माची कथा मराठी ओवीत आली तेव्हा शिवरायांचा जन्मही व्हायचा होता. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांत आणले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. हे सारे परके म्हणायचे, तर मराठीचाच एक हिस्सा तोडून टाकावा लागेल.

आणि स्वयंपाकघराचे काय? गोव्यात नाताळच्या आधी घरातली लहानथोर मंडळी कलकलां वळायला एकत्र बसतात. मैद्यात नारळाचे दूध घालून मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अलगद गुंडाळायची. रेघा उमटलेला तो तुकडा तळायचा आणि साखरेत घोळायचा. शेजारच्या ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या फराळातली करंजीच. हे ताट शेजारच्या हिंदू घरी जाते आणि गणेश चवथीला तिकडून भरून येते. कुणाचा सण कुठला, हा प्रश्न त्या दोन घरांना कधी पडला नाही.

इथवरचे उत्तर सोपे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. विरोधकांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. कार्यालयातला कापसाचा बर्फ, प्लॅस्टिकचे झाड आणि ‘सीक्रेट सांता’ यांचा वसईतल्या येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्याशी किंवा गोव्याच्या ताटाशी संबंध नाही. फक्त त्यावर ‘विदेशी’ हा शिक्का मारून काही साधत नाही. विरोधाला परकेपणाचेच कारण लागते असे नाही; नाताळवर कडक बंदी खुद्द श्रद्धाळू ख्रिश्चनांनीच घातली होती : मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ साली तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. सण कुठून आला यापेक्षा कामाच्या जागी त्याचे काय होते, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

तो प्रश्न इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने सर्वांत नेमका विचारला. वडील कर्जापायी तुरुंगात असताना बाराव्या वर्षी त्याला बूटपॉलिशच्या कारखान्यात राबावे लागले होते. १८४३ साली कारखान्यांतल्या बालमजुरांविषयीचा सरकारी अहवाल वाचून तो अस्वस्थ झाला. आधी पत्रक काढायचे त्याच्या मनात होते. त्याऐवजी त्याने ‘ए ख्रिसमस कॅरोल’ ही कथा लिहिली. लोकांना तिच्यातली भुते आठवतात. मला आठवतो तो कंजूष मालक स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट. जेमतेम पेटलेल्या शेगडीपाशी तो कुडकुडत पत्रांच्या नकला करतो आणि एका दिवसाची पगारी सुट्टी मागतो. स्क्रूजला ती खिसा कापल्यासारखी वाटते. शेवटी स्क्रूज बदलतो तेव्हा कचेरी सजवत बसत नाही. तो कारकुनाचा पगार वाढवतो आणि शेगडीसाठी जादा कोळसा आणायला सांगतो. नाताळ कसा साजरा करावा, याचे याहून चांगले उत्तर मी वाचलेले नाही.

अशी पगारी सुट्टी मिळवण्याचे साधन आपल्या हातातही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्ट्या दिल्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी संमतीने ठरवायच्या. गणपती, दसरा, दिवाळी यांतच त्या संपतात. वीस जणांत एकटा ख्रिस्ती किंवा मुसलमान असेल, तर त्याच्या सणासाठी सुट्ट्या ठरवताना तोंड कोण उघडणार? मॉलमध्ये लाल टोपी घालून दारात उभा राहणारा मुलगा ख्रिस्ती असेल, तर त्याला स्वतःच्या घरची प्रार्थना चुकवावी लागते. झाड उभारणारे आणि झाडाला विरोध करणारे, दोघांचेही तिकडे लक्ष नाही.

म्हणून वाचकहो, या डिसेंबरात झाडावरून भांडू नका. पुढल्या वर्षाच्या सुट्ट्या ठरतील तेव्हा, ज्याचा सण यादीत नाही त्याच्यासाठी तुम्ही बोला. तो एकटा बोलला तर ती विनवणी ठरते, तुम्ही सगळे बोललात तर तो कार्यालयाचा नियम होतो.