हाताची घडी सुटते तेव्हा

"हाताची घडी, तोंडावर बोट!" हा हुकूम आपण सगळ्यांनीच पाळलाय; मी तर जरा जास्तच. पण चार वर्षांचं मूल अंगानं शिकतं. पाच उड्या मारल्या की पाचाचा आकडा आधी पायांत उतरतो, मग पाटीवर. १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे ओळखलं होतं. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली! जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगते. आज मूल एखाद्या अक्षरावर अडलं, तर रागावू नका. उठा, त्याच्याबरोबर फुगडीच्या दोन गिरक्या घ्या. अक्षर थांबेल तेवढं.