धुरावाचून अग्नी

अनेकांविषयी जे सत्य ठरले ते त्यांतील एकाविषयी कितपत सत्य मानावे, हा प्रश्न आपल्याकडे अनुमानाला प्रमाण मानणाऱ्या नैयायिकांनी आणि केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांनी मोठ्या कसोशीने लढवला. आणि घरगुती संगणकासाठी घडवलेली एखादी हार्ड डिस्क अहोरात्र चालू ठेवून जो मनुष्य आपले दस्तऐवज, हिशेब आणि दिवंगत आप्तांची छायाचित्रे तिच्या हवाली करतो, तो नकळत त्याच वादातला एक पक्षकार होतो, असे मला वाटते.

ते यंत्र आतून पाहावे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी अखंड चालत राहिली तर वर्षात सुमारे ३७८ कोटी फेरे होतात, आणि तिच्यावरील नोंद वाचणारे हेड तिला स्पर्श न करता, तिच्याच वेगाने उठलेल्या हवेच्या थरावर, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. दिवसातून काही तास चालावी म्हणून केलेली ही नाजूक मांडणी अहोरात्र चालूनही वर्षानुवर्षे निभावते, याचा मला मनापासून आदर वाटतो. परंतु आदर म्हणजे प्रमाण नव्हे.

कारखानदारांच्या पत्रकांत सरासरी आयुष्याचा आकडा दहा ते पंधरा लक्ष तास असा आढळतो. दहा लक्ष तास म्हणजे ११४ वर्षे, आणि आयबीएमचे रॅमॅक हे पहिले डिस्कयंत्र तर १९५६ सालचे. एवढी हयात कोणत्याही डिस्कची कोणी पाहिलेली नाही. पुष्कळ डिस्का थोडा काळ चालवून जो भागाकार निघतो, तो हा आकडा. तो समुदायाचा आहे, व्यक्तीचा नाही, आणि समुदायापुरताही तो खरा उतरत नाही. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन या संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लक्ष डिस्कांची दफ्तरे तपासली, तेव्हा पत्रकांच्या हिशेबाने वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्का बदलाव्या लागायला हव्या होत्या, तेथे सामान्यतः दोन ते चार आणि काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत बदललेल्या आढळल्या. महाग आणि स्वस्त जातींत लक्षणीय अंतरही दिसले नाही.

तत्त्वचिंतकाला खरा विचार करायला लावते ती त्याच वर्षीची, एक लक्षाहून अधिक घरगुती दर्जाच्या डिस्कांवरची गूगलची पाहणी. पर्वतावर धूर दिसला तर अग्नी आहे असे अनुमान नैयायिक करतात, मात्र याची उलट बाजू खरी नाही हेही तेच सांगतात, कारण तापवलेल्या लोहगोलकात अग्नी असूनही धूर नसतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते; त्या नोंदीतील दोषलक्षणे म्हणजे तिचा धूर. परंतु बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, डिस्कांच्या नोंदीत चार मुख्य लक्षणांपैकी एकही नव्हते. बरे, धूर दिसला तर तरी निश्चिती? वाचनदोष प्रथमच आढळलेली डिस्क पुढील साठ दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट, आणि तरीही अशा पुष्कळ डिस्का पुढे कित्येक महिने चालतच राहिल्या. व्याप्ती, म्हणजे लक्षण आणि बिघाड यांचा अतूट संबंध, दोन्ही अंगांनी व्यभिचारी झाली, म्हणजे तुटली.

येथे चार्वाक म्हणेल की प्रत्यक्षावाचून काहीच मानू नका. पण डिस्क बंद पडल्याचे प्रत्यक्ष ज्ञान होते ते नेमके निरुपयोगी झाल्यावर. न्यायकुसुमांजलीत नैयायिक उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर मला अधिक ग्राह्य वाटते: शंका आचरणाशी विसंगत ठरेपर्यंतच चालते, कारण धूर हवा असलेला शंकेखोरही अग्नीच पेटवू पाहतो. आमच्या प्रकरणी त्यात एवढीच भर घालावी लागते की, एका डिस्कविषयीचे ज्ञान निश्चयाला कधीच पोहोचत नसल्यामुळे आचरण समुदायाच्या ज्ञानावर बेतले पाहिजे. बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीने २०१५ साली जाहीर केलेली तजवीज अशीच होती: प्रत्येक फाइलचे १७ भाग आणि त्यांवरून गणिताने काढलेले ३ जादा भाग वीस निरनिराळ्या यंत्रांतील वीस डिस्कांवर ठेवायचे, म्हणजे कोणत्याही तीन गेल्या तरी उरलेल्या सतरांवरून मूळ फाइल जशीच्या तशी उभी राहते. कोणती मरेल हे विचारण्याचे कारणच तेथे उरत नाही.

घरच्या मनुष्याला वीस यंत्रे परवडणार नाहीत. परंतु दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, एवढे त्याला करता येते. चार्वाकाचा हिस्साही येथे द्यावाच लागतो: ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून, एखादे छायाचित्र, एखादा हिशेब खरोखर वाचून पाहावा लागतो, कारण न उघडलेल्या प्रतीविषयी आपल्याजवळ असते ते केवळ अनुमान.