सही कोणाची?

जामनेरातलं घर. आई आत सुपात डाळ पाखडतेय. ओसरीवर मुलगा आणि अक्का. मुंबईत वंदना गुप्तांनी स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर १९९४ साली कॅन्सरच्या पेशंटना आधार देणारी 'व्ही केअर' ही संस्था काढली. तीच वाट अक्कांनी तालुक्यापुरती धरलीय. पेशंटबरोबर परळच्या टाटा हॉस्पिटलला सोबतीला जातात.

मुलगा : अक्का, आईपुढे कॅन्सरचं नाव काढू नका. साधी गाठ आहे, असं सांगितलंय.

अक्का : दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतराल. तिथं शेजारची बाई पहिलाच प्रश्न विचारते, "तुमचा कुठला?"

मुलगा : तिथलं तिथं बघू. ती खचेल. डॉक्टरही मलाच सांगतात.

अक्का : सांगणारच. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्ण, नातेवाईक 'किंवा' जबाबदार मित्र, असंच आहे. त्या 'किंवा'त कितीक आया बुडाल्या. पण समीरा कोहली खटला आहे ना! बाई भुलीत, तिच्या आईच्या होकारावर गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालय २००८ साली म्हणालं, सज्ञान बाईचा होकार आईला देता येत नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं.

मुलगा : ते कोर्ट. हे घर आहे.

अक्का : मग घरातलंच विचारते. संमतीपत्रावर सही आईची लागेल. ती रोज पोथी वाचते. कागद हातातून काढून घ्याल?

मुलगा : ...तुम्हाला सांगितलं होतं?

अक्का : नवऱ्याला सांगितलं, दिराला सांगितलं. बोलणं माझ्या छातीचं, नि मी बाहेर बाकड्यावर! म्हणून ठरवलं, प्रत्येकीला खरं सांगायचं. एकीनं दोन दिवस अन्न सोडलं. म्हणाली, "मी विचारलं होतं का?" तेव्हापासून सांगत नाही. किती ऐकायचंय, ते विचारते.

मुलगा : म्हणजे सांगितल्यातच जमा. साध्या गाठीला असं कोण विचारतं?

अक्का : खरंय. ह्याला माझ्याकडं उत्तर नाही.

मुलगा : आणि ती म्हणाली, "तूच बघ"?

अक्का : मग तुम्हीच बघा. तो भार तिनं दिलेला असेल, तुम्ही परस्पर उचललेला नसेल.

मुलगा : त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

अक्का : आईवर शेवटचं कधी चिडलात?

मुलगा : ...महिना झाला असेल.

अक्का : मग महिनाभर सांगताच आहात की, भाऊ.