जळून जाणारा नारिंगी रंग

साठीच्या दशकातल्या शेवरले मसल कारचं बॉनेट उघडलं की आधी डोळ्यांत भरतो तो इंजिनाचा नारिंगी रंग. इंजिन जुळवून झालं की कारखान्यात त्याच्यावर एका झपाट्यात हा रंग फवारत. बोल्ट, सांधे, कडा सगळं त्यातच रंगून निघे. अनेकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही त्याचे फटकारे बसत. गाडी चालू लागली, मॅनिफोल्ड तापला की तिथला रंग थोड्याच वेळात जळून जाई. जुन्या गाड्या मूळ रूपात आणणारे अमेरिकेतले निष्णात कारागीर आज नेमका तोच रंग, तेवढ्याच घाईचा दिसेल अशा बेताने, मॅनिफोल्डवर फवारतात. तासन् तास खपून घाई उतरवायची!

गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी दिसली पाहिजे, हा त्यांचा ध्यास असतो. प्लगच्या वायरींवर तिमाही आणि साल छापलेलं हवं आणि ते गाडी तयार झाली त्या तारखेच्या आधीचं हवं. ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते, तीही या क्रमात बसायला हवी. होजचे क्लॅम्प त्या काळच्याच बनावटीचे हवेत. बोल्टांना क्रोमची झळाळी नको, फॉस्फेटचा काळपट करडा थरच हवा. फायरवॉलवर तपासनिसाने ओढलेली खडूची रेघसुद्धा जागच्या जागी लागते. १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचे परीक्षक कारखान्यापेक्षा सरस रंगकामालाही गुण कापतात. हा आग्रह काहींना वेडेपणा वाटतो, पण त्यात सत्याची चाड आहे. असेंब्ली लाइनवरच्या माणसाचा हात जसा चालला तसाच तो दाखवायचा. त्याला आपल्या पदरचं कौशल्य चिकटवायचं नाही.

मात्र इथेच जुना प्रश्न उभा राहतो. होज नवे, पट्टे नवे, वायरी नव्या, रंग नवा. मग परत आलं ते काय?

थीसिअसच्या जहाजाची कथा प्लुटार्कने नोंदवली आहे. अथेन्सचे लोक कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले, आणि जहाज तेच राहिलं की दुसरं झालं यावर तत्त्वज्ञ वाद घालत राहिले. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला: काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज बांधलं, तर खरं कोणतं? गाड्यांच्या दुनियेत हा पेच पुस्तकी नाही. मूळ इंजिन एका शहरात आणि गाडी दुसऱ्या शहरात, असं सर्रास घडतं.

या प्रश्नाला भिडणारं उत्तर मात्र ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सापडतं. मराठी वाचकाला मिलिंद आणि नागसेन परके नाहीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत उभारलेलं मिलिंद महाविद्यालय नागसेनवनातच आहे. रथातून आलेल्या मिलिंद राजाला भिक्षू नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नकार देतो. सगळ्या भागांचा ढीग म्हणजेही रथ नव्हे, आणि भाग वगळून वेगळा रथ उरतही नाही. भागांच्या आधाराने चालणारा तो एक व्यवहार आहे, नाव आहे. हे मानलं तर नवा होज बसवण्यात पाप नाही. गाडीचं गाडीपण कुठल्याही एका सुट्या भागात दडलेलं नव्हतंच.

पाप आहे ते दुसरीकडे. शेवरलेच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला एक सपाट जागा असते. तिथे इंजिनाचा संकेत आणि गाडीच्या क्रमांकाचे आकडे ठोकलेले असतात. ते जुळले की किंमत चढते. म्हणून काही जण दुसऱ्याच ब्लॉकवरचे आकडे घासून काढतात, कारखान्याच्या यंत्राने उमटत तशा बारीक समांतर रेघा ओढतात आणि हवा तो क्रमांक ठोकतात. डोळ्यांना दोन्ही कामं सारखीच दिसतात. पण खडूची रेघ सांगते, ‘तेव्हा असं होतं’. खोटा आकडा सांगतो, ‘हे तेच आहे’. पहिलं कथन आहे, दुसरी खोटी साक्ष.

याउलट, ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ची मस्टँग. ती एका कुटुंबात कित्येक वर्षं राहिली, रोजच्या कामालाही वापरली गेली. तिला कुणी नव्यासारखं रंगवलं नाही. गंज आणि ओरखडे अंगावर घेऊनच ती जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातल्या लिलावात उभी राहिली आणि बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. तिथे चकचकीत रंगकाम म्हणजे पुरावा पुसणं ठरलं असतं. शेवटी कोणत्या गाडीचा कोणता काळ जपायचा, हे गाडीगणिक ठरवावं लागतं. आयुष्यभर गोदामात सडलेल्या गाडीला तिचा पहिला दिवस परत देणं रास्त आहे. जिच्या अंगावर अर्ध्या शतकाचा इतिहास आहे तिला नव्हे.

आणि एक प्रकार असा, जो परीक्षकांनाही विचारात पाडतो. हमीच्या काळात इंजिन निकामी झालं तर शेवरले कंपनीच बदली ब्लॉक देई. त्यावर मूळ क्रमांकाऐवजी ‘सीई’ या अक्षरांनी सुरू होणारा वेगळा क्रमांक असे. अशी गाडी ‘नंबर्स मॅचिंग’च्या यादीत बसत नाही आणि बाजारात थोडी मागे पडते. पण बदल झाला, तो कंपनीनेच केला, आणि तो ब्लॉकवर उघड लिहूनही ठेवला. जुळणाऱ्या पण संशयास्पद आकड्यांच्या शेजारी असा ब्लॉक ठेवला, तर जाणत्या गिऱ्हाइकाने जास्त पैसे ‘सीई’साठीच मोजायला हवेत.