टेकडीवरची मुलं

पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागं हनुमान टेकडी आहे. सकाळी सहाला तिथं आजी-आजोबांची वर्दळ असते; पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी, तोंडी राजकारण. कॉलेजची मुलं मोजकीच. बाकीची खाली खोल्यांमध्ये झोपलेली, रात्री दोनपर्यंत मोबाईल डोळ्यांपुढं धरून. त्यांना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण परीक्षा, घरून येणाऱ्या पैशांचा हिशोब, नव्या शहरातलं एकटेपण घेऊन दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं मन थकतं आणि शरीर थकतच नाही. मग झोप येणार कुठून?

चढण लागली की श्वास वाढतो, छाती धडधडते. धास्तीतही असंच होतं. फरक इतकाच, की इथं धडधड कशामुळं आहे ते ठाऊक असतं आणि माथ्यावर जरा टेकलं की ती आपोआप उतरते. हे रोज अनुभवलं, तर पेपरच्या सकाळची धडधड थोडी ओळखीची वाटू शकते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालण्याइतका व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. चालण्यानं सगळंच बरं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. उदासी आठवडेच्या आठवडे हटेना, तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

आणि टेकडीवर एकटं जायचा कंटाळा असेल, तर रूममेटचं पांघरूण ओढा. पहिले दोन दिवस तो शिव्या देईल.