कार्वाहालची साक्ष

२६ ऑगस्ट १५४२ रोजी फ्रान्सिस्को दे ओरेयाना आणि त्याचे उरलेसुरले साथीदार दोन होड्यांतून अटलांटिक महासागरात बाहेर पडले. अ‍ॅमेझॉन नदी वरच्या अंगापासून मुखापर्यंत उतरून आलेले हे पहिले युरोपीय. निघाले होते मात्र भलत्याच कामाला. १५४१ च्या सुरुवातीला त्यांचा स्पॅनिश सेनापती गोन्सालो पिसारो कितोहून अँडीज ओलांडून पूर्वेला गेला तो सोन्याच्या आणि दालचिनीच्या शोधात. आशियातल्या मसाल्यांचा सागरी व्यापार पोर्तुगीजांच्या हाती गेलेला होता, तेव्हा स्पेनला आपल्या वाट्याच्या जगात दालचिनीचे रान हवे होते. सापडली ती विखुरलेली चार झाडे, आणि तीही अस्सल दालचिनीची नव्हेत. अन्न संपले, जबरीने आणलेले मूलनिवासी हमाल मोठ्या संख्येने मेले, आणि डिसेंबरच्या अखेरीस अन्न शोधायला म्हणून ओरेयाना साठेक माणसे घेऊन नदीने खाली गेला तो परतलाच नाही. प्रवाहाविरुद्ध परतणे अशक्य होते, असे त्याचे म्हणणे; पिसारोने त्याला दगाबाज ठरवले. या टोळीत गास्पार दे कार्वाहाल नावाचा डोमिनिकन पंथाचा पाद्री होता. पट्ट्यांचे आणि बुटांचे चामडे पाल्याबरोबर शिजवून खाण्याची पाळी त्याच्यावर आली, वाटेत बाण लागून त्याचा एक डोळा गेला, तरी पाहिलेले आणि ऐकलेले त्याने लिहून ठेवले.

त्याने जे लिहिले ते वाचून आजही थबकायला होते. नदीच्या उंच काठांवर गावामागून गावे. एका ठिकाणी तर पाच लीग, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, घराला घर लागून असलेली वस्ती. पाण्याच्या कुंपणांत पाळलेली कासवे, मक्याचे आणि माशांचे साठे, काठावरून आत देशात जाणारे रुंद रस्ते. रंगीत, चकचकीत मातीची भांडी स्पेनच्या मालागातल्या भांड्यांपेक्षा सरस असल्याचे तो सांगतो. आणि मग येतात पुरुषांच्या पुढे उभे राहून लढणाऱ्या स्त्रिया, ज्यांच्यामुळे नदीला ग्रीक पुराणातल्या अ‍ॅमेझॉनांचे नाव चिकटले. या बायकांनीच बिचाऱ्या कार्वाहालचा घात केला. १५५२ मध्ये इतिहासकार गोमाराने ही कथा थापेबाजीत जमा केली. कार्वाहालचा पूर्ण वृत्तांत तर १८९४ पर्यंत छापलाही गेला नाही. १७४३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ला काँदामिन त्याच नदीतून खाली आला तेव्हा त्याला दिसल्या मिशनऱ्यांनी वसवलेल्या थोड्या वाड्या आणि त्यांच्यामध्ये पसरलेले अरण्य. दोनशे वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच नदी पाहिली आणि वर्णने जुळली नाहीत. जगाने निकाल देऊन टाकला: पाद्री खोटे बोलला.

हा निकाल चुकीचा होता. ज्याला आपण मानवी हात न लागलेले आदिम अरण्य म्हणतो ते बऱ्याच अंशी एका उजाड झालेल्या वस्तीवर चढलेले रान आहे, आणि त्या निर्जनतेचे वय युरोपीयांच्या आगमनाहून फारसे जास्त नाही. ला काँदामिनला जे दिसले ते खरेच होते. पण ते कार्वाहालने पाहिलेल्या गोष्टीचे खंडन नव्हते, तिचा परिणाम होता.

विरुद्ध बाजू दुबळी नाही, म्हणून ती नीट मांडायला हवी. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ बेटी मेगर्स यांनी १९४०च्या दशकाअखेरीस नदीच्या मुखाशी असलेल्या माराजो बेटावर उत्खनन केले आणि पुढे १९७१ च्या आपल्या पुस्तकात अ‍ॅमेझॉनला फसवा स्वर्ग ठरवले. मुद्दा साधा होता. तिथली हिरवाई जमिनीच्या सुपीकतेतून येत नाही. पावसाने धुपून निघालेल्या त्या मातीत कस नसतो; सगळे पोषण जिवंत झाडापाल्यातच फिरत राहते. रान तोडून, जाळून पेरले तर दोन-तीन पिकांत जमीन थकते आणि माणसाला पुढे सरकावे लागते. अशा भूमीवर लहान, फिरत्या टोळ्याच जगू शकतात. नगरे उभी राहणार कशावर? विसाव्या शतकातल्या मानववंशशास्त्रज्ञांना प्रत्यक्षात टोळ्याच भेटत होत्या, त्यामुळे सिद्धान्त आणि डोळ्यांसमोरचा पुरावा छान जुळले. पण इथेच गफलत आहे. त्यांनी संकटातून वाचलेल्यांना पाहिले आणि हेच यांचे मूळ रूप असे मानले. भूगोलज्ञ विल्यम डेनेव्हन यांनी याला एक अगदी व्यवहारी प्रश्न विचारला: दगडी कुऱ्हाडीने एक मोठे झाड पाडायला पोलादी कुऱ्हाडीच्या कित्येक पट वेळ लागतो, तर दर दोन-तीन वर्षांनी नवे रान तोडण्याची शेती दगडी कुऱ्हाडीवर कोण करील? ज्या फिरत्या शेतीला आपण आदिम समजतो ती युरोपीय पोलादाबरोबर फोफावली असण्याची शक्यता अधिक. त्याआधीच्या शेतकऱ्याला एकाच जागी टिकून राहण्याचा उपाय शोधणे भाग होते.

तो उपाय मातीतच सापडला. नदीकाठच्या उंचवट्यांवर जागोजाग काळ्याभोर मातीचे थर आहेत. ब्राझीलमध्ये त्यांना तेरा प्रेता, म्हणजे काळी माती, म्हणतात. आपल्या रेगूर जमिनीशी तिचा संबंध नाही. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाची देणगी, तर ही माणसाच्या हातची. कोळसा, राख, माशांची आणि जनावरांची हाडे, खापऱ्या, घरातला ओला कचरा यांच्या शतकानुशतकांच्या भरीतून ती तयार झाली आहे. काही ठिकाणी थर दोन मीटरपर्यंत खोल जातो. अर्धवट जळालेला कोळसा कुजत नाही आणि पोषक द्रव्ये धरून ठेवतो, म्हणून हजार वर्षांनंतरही ही माती शेजारच्या पिवळट जमिनीपेक्षा कितीतरी कसदार राहते. आजचे शेतकरी तीच शोधून पपई आणि भाजीपाला लावतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ मध्ये तिच्याकडे गांभीर्याने लक्ष वेधले. यातले बहुतेक थर सुमारे २,५०० ते ५०० वर्षांपूर्वीचे. ते जिथे सलग आढळतात त्या जागाही पाहण्यासारख्या आहेत: मोठ्या नद्यांच्या काठचे उंच कडे. कार्वाहालने गावे पाहिली ती याच कड्यांवर. तापाजोस नदीच्या मुखावरचे आजचे सांतारेम शहर अशाच मातीवर उभे आहे आणि तिथल्या खोदाईत निघणारी नक्षीदार भांडी पाहिली की मालागाची तुलना फुकाची वाटत नाही.

मग आले लायडार: विमानातून लेझरचे असंख्य किरण सोडायचे, त्यांतले पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परतलेले वेगळे काढायचे आणि झाडी वजा करून भूमीचा नकाशा मिळवायचा. २०२२ मध्ये हाइको प्रूमर्स यांच्या पथकाने बोलिव्हियातल्या मोहोसच्या पूरमैदानातली कासाराबे संस्कृतीची ठाणी प्रसिद्ध केली. वीस मीटरहून उंच मातीचे पिरॅमिड, मैलोगणती सरळ धावणारे भराव-रस्ते, कालवे आणि तळी, काळ इ.स. ५०० ते १४००. २०२४ मध्ये स्तेफान रोस्तें आणि सहकाऱ्यांनी इक्वाडोरमधल्या उपानो खोऱ्यात सुमारे तीनशे चौरस किलोमीटरवर पसरलेले सहा हजारांहून अधिक मातीचे चौथरे दाखवले, आणि त्यांची सुरुवात तर ख्रिस्तपूर्व ५०० च्या आसपासची. इथे घाई करून चालणार नाही. उपानो ओरेयानाच्या जवळजवळ हजार वर्षे आधी ओस पडले होते, कासाराबेही संपलेली होती. त्यांनी कार्वाहालची गावे सिद्ध होत नाहीत. सिद्ध होते ते एवढेच की त्या भूमीवर दाट वस्ती अशक्य होती हा युक्तिवाद टिकत नाही. कार्वाहालच्या काळाशी जुळणारा पुरावा शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यातला. तिथे मायकेल हेकेनबर्गर यांनी कुइकुरो लोकांबरोबर काम केले आणि २००३ मध्ये जो शोधनिबंध आला त्याच्या लेखकांत कुइकुरो प्रमुखाचेही नाव होते. मध्ये गोल चौक, भोवती खंदक, गावागावांना जोडणारे आखीव रस्ते, अशा वसाहतींचे जाळे तेराव्या शतकापासून युरोपीय आगमनाच्या पुढेपर्यंत नांदत होते. कुइकुरो आजही गोल चौकाभोवतीच गाव वसवतात. खुणा जमिनीत होत्या आणि त्यांचा अर्थ सांगणारी माणसे जवळच उभी होती. विचारायला मात्र फार उशीर झाला.

हा उशीर का झाला, याचे उत्तर केवळ घनदाट झाडीत नाही. संस्कृती म्हणजे दगड, अशी आपली सर्वांचीच एक खोलवर रुजलेली समजूत आहे. माचू पिक्चूचे चिरे, माया लोकांचे चुनखडीचे मनोरे यांच्यापुढे उभे राहिल्यावर शंका घ्यायला जागाच उरत नाही. अ‍ॅमेझॉनच्या सखल प्रदेशात बांधकामाचा दगड नाही. तिथे घर लाकडाचे, चौथरा मातीचा, आणि मालक मेला की दोन्ही रानाच्या ताब्यात. लेण्या-किल्ल्यांच्या प्रदेशातल्या वाचकाने तर याबाबतीत स्वतःच्या नजरेवर जरा अविश्वासच ठेवलेला बरा. या लोकांचे खरे शिल्प झाडांत आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये झाडांच्या सुमारे १६,००० जाती असाव्यात, पण त्यांतल्या जेमतेम २२७ जातींनी निम्मे अरण्य व्यापले आहे. २०१७ च्या एका अभ्यासात माणसाने कमी-अधिक प्रमाणात आपलीशी केलेल्या ८५ जाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या वीस या वर्चस्व गाजवणाऱ्या यादीत निघाल्या, म्हणजे निव्वळ योगायोगाने निघाल्या असत्या त्याच्या पाचपट. ब्राझील नट, रबर, कोको, फळांचे ताड. जुन्या वस्त्यांच्या जवळ या जाती दाट होतात.

आणि कसावा. याच अरण्याच्या नैर्ऋत्य कडेला माणसाळवलेले हे कंद, आणि त्यांच्या कडू वाणात सायनाइड तयार होते. ते किसायचे, विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचे, मग भाजायचे, ही रीत ज्यांनी बसवली त्यांना रानटी म्हणणाऱ्याने तो कंद एकदा कच्चा खाऊन पाहावा. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा याच कंदाचा. तमिळनाडूतल्या सेलमला बनतो एवढेच. तिच्यातला शेंगदाणा, बटाटा आणि मिरचीही मूळची अमेरिकेचीच, तेव्हा उपवासाच्या ताटलीत जुन्या जगाचे म्हणावे असे तूप-जिरे-मीठच उरते. काजू आणि अननस ही नावे तर पोर्तुगीजांच्या तोंडून आलेले तुपी-ग्वारानी भाषांतले शब्द आहेत. निर्जन अरण्यातून पिके आणि शब्द येत नाहीत.

आता आक्षेपांकडे. पहिला कार्वाहालच्या विश्वासार्हतेचा: ज्याला लढाऊ बायकांचे राज्य दिसते त्याची गावे तरी कशी मानायची? शिवाय ओरेयानाला या प्रदेशाची सुभेदारी हवी होती, तेव्हा मुलूख समृद्ध दाखवण्यात स्वार्थही होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण वृत्तांत नीट पाहिला तर बायकांच्या राज्याचे सविस्तर वर्णन एका कैद्याच्या जबानीवर उभे आहे, आणि ती जबानी अर्धवट समजणाऱ्या भाषेतून ओरेयानाने घेतलेली. गावांचे वर्णन करणारे मात्र उपाशी लोक आहेत. कुठे किती अन्न होते हे त्यांच्या लक्षात राहणारच. जवळजवळ शतकभराने पेद्रो तेइशेइराच्या पोर्तुगीज मोहिमेबरोबर गेलेला जेझुइट पाद्री आकुन्याही काठावरच्या दाट वस्तीबद्दल लिहितो. आणि काळ्या मातीला कोणाकडून सुभेदारी मिळवायची नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोलोरेस पिपर्नो, क्रिस्टल मॅकमायकेल प्रभृती संशोधकांनी पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये मोठ्या नद्यांपासून दूर मातीचे नमुने काढले, तेव्हा कोळसा आणि शेतीच्या खुणा फारच थोड्या मिळाल्या. म्हणून सगळे अरण्यच बाग होते हे म्हणणे अतिरेकाचे ठरेल, आणि उत्साहाच्या भरात काहींनी ते म्हटले आहे. पण माणसे पाण्याकाठी राहतात. गंगेकाठच्या गर्दीचा निवाडा कोणी थरच्या वाळूत उकरून करत नाही. डेनेव्हन यांच्या अंदाजाने संपूर्ण खोऱ्यात ८० लाख ते एक कोटी माणसे होती. आकडा निम्म्यावर आणला तरी निर्जन अरण्याची कल्पना वाचत नाही.

मग एवढी माणसे गेली कुठे? देवी, गोवर यांनी युरोपीयांच्याही आधी गावे गाठली. १५६० च्या दशकात ब्राझीलच्या किनाऱ्यावर देवीची मोठी साथ आली होती आणि नद्या हेच तिथले हमरस्ते होते. १६१६ मध्ये बेलेंची स्थापना झाल्यावर पोर्तुगीजांच्या गुलाम पकडणाऱ्या टोळ्या वर सरकू लागल्या. त्यांच्याविरुद्ध आंतोनियो व्हिएइरासारखा जेझुइट प्रवचनांतून कडाडत होता, आणि ज्यांना तो बोलत होता त्यांनीच त्याला तिथून हाकलले. काठावर राहणे म्हणजे पकडले जाणे, तेव्हा उरलेल्यांनी उपनद्यांच्या वर, आत पळ काढला. काठ मोकळा झाला आणि ला काँदामिन येईपर्यंत तिथे रान माजले होते.

तिसरा आक्षेप पुरातत्त्वाचा नाही, धोरणाचा आहे. अरण्य माणसाने घडवले असे म्हटले की कुऱ्हाडवाल्यांना परवानाच मिळतो, अशी पर्यावरणवाद्यांची भीती. ती समजण्यासारखी आहे, पण इतिहास उलटे सांगतो. ब्राझीलच्या आक्रे राज्यात साडेचारशेहून अधिक प्रचंड भूमितीय खंदक गुरांच्या कुरणांसाठी रान साफ झाल्यावर दिसले. मातीतल्या वनस्पतींच्या सूक्ष्म अवशेषांवरून कळले की ते खोदणाऱ्यांनी अरण्य सरसकट तोडलेच नव्हते, हळूहळू ताडांसारखी उपयोगी झाडे वाढवली होती. त्यांची वस्ती आणि आजचे कुरण एका मापाने मोजता येत नाही. परवाना दिला तो निर्जनतेच्या कल्पनेने. १९७० मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने अ‍ॅमेझॉन-पार महामार्ग काढला तेव्हा घोषणाच केली होती की बिनमाणसांची जमीन बिनजमिनीच्या माणसांना देतो. त्या जमिनीवर माणसे होती, फक्त ती मोजायची नाहीत असे ठरले होते.

मोजणीचा वाद आजही मिटलेला नाही. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे ब्राझीलची सध्याची राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, जी जमीन मूलनिवासींच्या ताब्यात होती तिच्यावरच त्यांचा हक्क, असा निकष तिथले मोठे जमीनदार लावू पाहतात. त्याआधी हाकलले गेलेल्यांनी काय करायचे, याचे उत्तर त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो निकष घटनाबाह्य ठरवला. डिसेंबरात ब्राझीलच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, राष्ट्राध्यक्ष लुला यांचा नकाराधिकार मोडून तोच कायद्यात घातला.